फुप्फुसात नियंत्रण चालत नाही: पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी का हवी

पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची आपल्याकडे जी बाजू मांडली जाते तिचा पाया रसायनशास्त्राचा आहे. निळा आणि तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस फुप्फुसात वर्षानुवर्षे टिकतो. पांढरा, म्हणजे क्रायसोटाइल, आम्लात विरघळतो आणि शरीर त्याचा निचरा करते. म्हणून कारखान्यात धूळ आटोक्यात ठेवली आणि तंतू सिमेंटात पक्का बांधला की धोका उरत नाही, असे सांगितले जाते. याच भरवशावर भारत दरवर्षी तीन लाख टनांहून अधिक क्रायसोटाइल आयात करतो. जगात एवढी आयात दुसरा कुठलाही देश करत नाही. त्यातला बहुतेक सगळा माल आपण ज्यांना नुसते 'सिमेंटचे पत्रे' म्हणतो त्यांच्यात जातो.

क्रायसोटाइल आम्लात विरघळतो, हे खरेच आहे. पण तंतू श्वासातून आत गेल्यावर त्याला आम्ल कुठे भेटते, किती भेटते आणि तोवर काय काय होऊन गेलेले असते, हे कोणी सांगत नाही. ते नीट पाहिले तर 'नियंत्रित वापर' हे धोरण रसायनशास्त्रावरच कोसळते. म्हणून पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवरही संपूर्ण बंदी यावी, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात तंतूपासून करू. क्रायसोटाइल हे मॅग्नेशियमचे सिलिकेट. त्यात सिलिकेटचा एक थर आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा एक थर असे जोडीने असतात. दोन्ही थरांची मापे नेमकी जुळत नाहीत, त्यामुळे पातळ पापुद्रा स्वतःभोवती गुंडाळला जातो आणि मॅग्नेशियमचा थर बाहेरच्या बाजूला येतो. अशा एका सुट्या तंतूची जाडी २५ ते ४० नॅनोमीटर असते. दोन हजारांच्या आसपास तंतू शेजारी शेजारी ठेवावेत तेव्हा माणसाच्या एका केसाची जाडी भरते. निळा आणि तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रोसिडोलाइट आणि अ‍ॅमोसाइट, यांची घडण वेगळी आहे. ते सरळ, ताठ सुईसारखे असतात आणि त्यांच्यात लोह भरपूर असते.

हवेत तरंगताना तंतू प्रवाहाच्या दिशेने आडवा होतो. तो किती खोल जाणार हे मुख्यतः त्याच्या जाडीवर ठरते, लांबीचा त्यात फारसा वाटा नसतो. ०.३ मायक्रॉन जाडीचा आणि २० मायक्रॉन लांबीचा तंतू हवेत साधारण एक मायक्रॉनच्या कणासारखा वागतो. नाकातले केस आणि श्वासनलिकांतला कफ मोठी धूळ अडवतात. हा त्यांना चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोचतो आणि सूक्ष्म नलिका जिथे फाटतात त्या दुभाजकावर अडकतो.

तिथे पहिली प्रक्रिया पृष्ठभागावर होते. क्रायसोटाइलच्या बाहेरच्या मॅग्नेशियमच्या थरामुळे तंतूवर धन प्रभार असतो. पेशींच्या आवरणावर सियालिक आम्लाचे गट असतात आणि त्यांचा प्रभार ऋण. दोघे एकमेकांना चिकटतात. प्रयोगशाळेत लाल रक्तपेशींत क्रायसोटाइल घातला तर त्या फुटतात, आणि आम्लाने मॅग्नेशियम आधीच काढून टाकलेला तंतू घातला तर हे फुटणे बरेच कमी होते. म्हणजे मॅग्नेशियम निघून गेल्यावर तंतू मवाळ होतो, हा उद्योगाचा मुद्दा इथवर बरोबर आहे. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की ताजा, नुकताच आत गेलेला क्रायसोटाइल पेशीच्या आवरणाला सर्वांत जाचक असतो. तो विरघळायच्या आधीच पहिला घाव बसलेला असतो.

आता आम्लाकडे येऊ. वायुकोशांच्या अस्तरावरचा द्रव जवळजवळ उदासीन असतो. त्यात क्रायसोटाइल झिजतो, पण सावकाश. तीव्र आम्ल सापडते ते फक्त भक्षकपेशीच्या पोटात. ही पेशी बाहेरून आलेला कण गिळते, त्याच्याभोवती पिशवी बंद करते आणि तिच्यात आम्ल व विकरे सोडते; पिशवीतला पीएच साडेचार-पाचपर्यंत उतरतो. जिवाणू किंवा गोल धूलिकण असेल तर काम तिथेच संपते. पण माणसाची भक्षकपेशी फार तर १५ ते २० मायक्रॉनची. तिच्याहून लांब तंतू ती गिळायला घेते, पण पूर्ण गिळू शकत नाही. तंतूचे टोक बाहेर राहते, पिशवी बंद होत नाही, आणि आतले आम्ल व विकरे बाहेर पाझरून शेजारच्या ऊतीवर पडतात. म्हणजे ज्या लांब तंतूला विरघळवण्यासाठी आम्लाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते पुरते मिळत नाही. आखूड तंतू विरघळतात, वाहून जातात, लांब राहतात. क्रायसोटाइल लवकर नाहीसा होतो असे सांगणारे सरासरीचे आकडे या फरकावर पांघरूण घालतात. शिवाय क्रायसोटाइलचा जुडगा फुप्फुसात उभा चिरतो आणि एकाचे अनेक बारीक तंतू होतात; वजन घटते तेव्हाही संख्या वाढू शकते.

गिळताना अडकलेली पेशी गप्प बसत नाही. जंतू मारण्यासाठी तिच्याकडे एक यंत्रणा असते, जी ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवते आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. कण गिळून झाला की ही यंत्रणा थांबते. तंतू गिळून होतच नाही, त्यामुळे ती चालूच राहते. इथे लोहाचा शिरकाव होतो. तंतूच्या पृष्ठभागावरचे फेरस लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला फोडते आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. रसायनशास्त्रात याला फेंटन प्रक्रिया म्हणतात. सुपरऑक्साइड त्या लोहाला पुन्हा फेरस अवस्थेत आणते, म्हणजे लोह खर्च होत नाही, चक्र फिरत राहते. हायड्रॉक्सिल मूलक काही नॅनोसेकंदच टिकतो आणि जिथे जन्मतो तिथेच समोर येईल त्यावर तुटून पडतो: आवरणातली मेदाम्ले, प्रथिने, डीएनए. डीएनएतल्या ग्वानिनला ऑक्सिजन जोडला गेला की पुढच्या प्रतीत त्याच्यासमोर सायटोसिनऐवजी अ‍ॅडेनिन बसू शकते, आणि तिथे कायमचे उत्परिवर्तन होते.

क्रायसोटाइलमध्ये लोह थोडेच असते, ही गोष्ट त्याच्या बाजूने नेहमी पुढे केली जाते. पण लोह तंतूत मुळातून असावेच लागते असे नाही. फुप्फुसात टिकून राहिलेला तंतू शरीरातलेच लोह आपल्यावर गोळा करतो. फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) आणि इतर प्रथिनांचा तपकिरी लेप चढलेले असे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली डंबेलसारखे दिसतात. लोह दाखवणाऱ्या पर्ल्सच्या रंगद्रव्याने ते निळे होतात. विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हेच अ‍ॅस्बेस्टॉस-पिंड निदानाला उपयोगी पडतात. क्रायसोटाइलवर ते अ‍ॅम्फिबोलपेक्षा, म्हणजे निळ्या-तपकिरी प्रकारांपेक्षा, कमी बनतात, पण बनतात. म्हणून स्लाइडवर पिंड दिसले नाहीत एवढ्यावरून संपर्कच आला नव्हता असा निष्कर्ष काढणे चूक आहे.

याच्या जोडीला दाहाची साखळी चालू होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की अ‍ॅस्बेस्टॉस आणि सिलिका भक्षकपेशीतला एनएलआरपी३ हा प्रथिनसंच जागा करतात आणि त्यातून इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा संकेत बाहेर पडतो. त्या संकेताने आणखी पेशी येतात, त्याही अडकतात. पुढे टीजीएफ-बीटासारखे घटक तंतुजनक पेशींना कोलॅजन घालायला लावतात, आणि वायुकोशाची पातळ भिंत जाड, कडक होत जाते. हाच अ‍ॅस्बेस्टोसिस. तो बहुधा फुप्फुसाच्या खालच्या भागांत सुरू होतो. स्टेथोस्कोप पाठीच्या तळाशी ठेवला तर श्वास आत घेताना शेवटी बारीक चरचर ऐकू येते. काही तंतू फुप्फुसावरणापर्यंत सरकतात. तिथली लसिकाछिद्रे लांब तंतूंना निचऱ्याची वाट देत नाहीत, आणि मेसोथेलिओमा, म्हणजे या आवरणाचा कर्करोग, नेमका तिथेच उगवतो. तंतू विभाजित होणाऱ्या पेशीतल्या गुणसूत्रांतही अडकतात. या कर्करोगात गुणसूत्रांचे मोठे तुकडे गहाळ झालेले आढळतात, त्याची संगती याच्याशी लागते. पहिल्या संपर्कापासून आजारापर्यंत साधारण २० ते ४० वर्षे जातात. निदानानंतर मात्र बहुतेकांच्या हाती वर्षभराच्या आसपासच उरते.

धूम्रपानाचे गणित यात वेगळे सांगावे लागते, कारण आपल्याकडे कामगाराला फुप्फुसाचा कर्करोग झाला की दोष बिडीवर टाकून फाइल बंद होते. १९७९ साली सेलिकॉफ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांचे आकडे मांडले. दोन्हीपासून दूर असलेल्यांच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसने सुमारे ५ पट, नुसत्या धूम्रपानाने सुमारे ११ पट, आणि दोन्ही एकत्र असतील तर ५० पटींहून अधिक होता. इथे धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. त्यामुळे बिडी ओढणाऱ्या कामगाराच्या बाबतीत अ‍ॅस्बेस्टॉसची जबाबदारी कमी होत नाही; उलट वाढते.

विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दाही इथेच नोंदवायला हवा. मेसोथेलिओमा घडवण्याच्या ताकदीत तिन्ही प्रकार सारखे नाहीत. हॉजसन आणि डार्नटन यांनी २००० साली कामगारांच्या अनेक अभ्यासांवरून काढलेले प्रमाण क्रायसोटाइल १, अ‍ॅमोसाइट १००, क्रोसिडोलाइट ५०० असे आहे. हा फरक खरा आहे आणि वरची रसायनप्रक्रिया तो समजावूनही देते: अ‍ॅम्फिबोल आम्लात विरघळत नाहीत आणि लोहाने भरलेले असतात. पण फुप्फुसाच्या कर्करोगात ही दरी त्याच अभ्यासात बरीच अरुंद होते, सुमारे दहा ते पन्नास पट. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या अ‍ॅस्बेस्टॉस-कापडाच्या गिरणीत मुख्यतः क्रायसोटाइलच वापरला जाई, तरी तिथल्या कामगारांत फुप्फुसाचा कर्करोग ठळकपणे वाढलेला आढळला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सगळ्याच प्रकारांना पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्यांत, ठेवले आहे. तुलनेने कमी घातक असणे वेगळे आणि वापरण्याजोगे असणे वेगळे. त्यातून वर्षाला लाखो टन पसरणार असेल, तर कमी ताकदीचा गुणाकार फार मोठ्या संख्येशी होतो.

'नियंत्रित' म्हणजे काय हे ठरते मोजमापावर, आणि मोजमापातच एक मोठी फट आहे. कारखान्यात कामगाराच्या कॉलरजवळ २५ मिलिमीटरचा मेम्ब्रेन फिल्टर लावून पंपाने हवा ओढतात, मग फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजतात. मोजायचा तो ५ मायक्रॉनहून लांब, ३ मायक्रॉनहून बारीक आणि लांबी जाडीच्या तिपटीहून जास्त असलेला. या सूक्ष्मदर्शकाला साधारण ०.२५ मायक्रॉनच्या खाली दिसत नाही. क्रायसोटाइलचा सुटा तंतू त्याच्या सहाव्या ते दहाव्या हिश्शाएवढा असतो. प्राण्यांवरच्या स्टँटनच्या प्रयोगांत सर्वांत कर्करोगकारक ठरलेले तंतू ८ मायक्रॉनहून लांब आणि ०.२५ मायक्रॉनहून बारीक होते. म्हणजे सर्वांत घातक माप नेमके नजरेच्या पलीकडे राहते. त्यांना पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. अहवालात 'मर्यादेच्या आत' लिहिलेले असते ते दिसलेल्या तंतूंपुरते.

मर्यादेचा आकडाही माणसाच्या श्वासात मोजून पाहावा. अमेरिकेतली कामाच्या जागेची मर्यादा दर मिलिलिटर हवेत ०.१ तंतू आहे. भारतातली दीर्घकाळ याहून सैल राहिली. अंगमेहनतीच्या आठ तासांत माणूस सुमारे १० घनमीटर हवा घेतो. ०.१ तंतूने गुणले की एका पाळीत दहा लाख तंतू, आणि तेही फक्त मोजता येणारे.

आणि हे सगळे कारखान्याच्या भिंतींच्या आतले, जिथे निदान पंप आणि फिल्टर तरी आहेत. पत्र्याचे खरे आयुष्य बाहेर जाते. मे महिन्यात पावसाआधी गोठ्यावर, चाळीच्या खोलीवर, वर्कशॉपवर पत्रे चढतात. पत्रा लांब पडला की चार इंची ग्राइंडर लावून तिथेच कापतात. हिशेब करून पाहा. पत्रा ६ मिलिमीटर जाड, रुंदी एक मीटरच्या थोडी वर, चकतीची खाच २ मिलिमीटर. एका आडव्या कापात सुमारे २० ग्रॅम भुकटी उडते. पत्र्यात ८ ते १० टक्के क्रायसोटाइल असतो, म्हणजे दीड ते दोन ग्रॅम अ‍ॅस्बेस्टॉस, एका कापात, कापणाऱ्याच्या तोंडासमोर. तोंडाला फार तर गमछा. तो सिमेंटची भरड धूळ थोडीफार थोपवतो, ०.३ मायक्रॉनच्या तंतूला त्याच्या विणीतली भोके म्हणजे उघडा दरवाजा. सिमेंटात पक्का बांधलेला तंतू सुरक्षित, हे विधान पत्रा अखंड असेपर्यंतच खरे. कापणारा, पत्रा बांधायच्या जे-हुकसाठी भोक पाडणारा, वीस वर्षांनी तोच पत्रा फोडून राडारोड्यात टाकणारा, त्या राडारोड्याने रस्त्याचा खड्डा भरणारा, यांच्यापर्यंत कुठलेही नियंत्रण पोचत नाही आणि पोचणारही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात दिलेल्या आदेशांत एक फार शहाणपणाची गोष्ट होती: कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा ती संपल्यानंतर १५ वर्षे, यांतले जे नंतर येईल तोवर जपाव्यात. आजार उगवायला लागणारा काळ न्यायालयाने ओळखला होता. पण ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्या पत्रे चढवणाऱ्याची कसली नोंद जपणार? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८६ च्या करारातून 'नियंत्रित वापरा'ची भाषा आली. त्याच संघटनेने २००६ साली ठराव करून सांगितले की सगळ्या प्रकारच्या अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर बंद करणे हाच मार्ग आहे, आणि त्या कराराचा आधार वापर चालू ठेवण्यासाठी घेऊ नये. आपल्याकडे तो आधार अजून घेतला जातो. रॉटरडॅम करारात क्रायसोटाइलला घातक मालाच्या यादीत घालायला भारताने २०११ साली संमती दिली आणि २०१३ साली पुन्हा विरोध केला. त्या यादीत नाव आले तरी बंदी येत नाही. निर्यात करणाऱ्याने आधी धोक्याची माहिती देऊन संमती घ्यायची, एवढेच. तेही नाकारावे, याचे समर्थन करता येत नाही.

पर्याय महाग आहेत, हा आक्षेप खरा आहे आणि तो गरिबाच्या घराशी जोडलेला आहे म्हणून गांभीर्याने घ्यायला हवा. सिमेंटचा पत्रा स्वस्त, गंजत नाही, टिनपेक्षा कमी तापतो आणि पावसात कमी वाजतो. पण तोच पत्रा क्रायसोटाइलविना बनतो. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे धागे आणि सेल्युलोज घालून तो आजही तयार होतो. त्या धाग्याची जाडी १० मायक्रॉनच्या पुढे असते, तो उभा चिरत नाही, म्हणून वायुकोशापर्यंत जात नाही. सिमेंट आणि वाळूतल्या सिलिकाचा धोका तिथेही उरतो, त्यामुळे ओले करून कापणे चुकत नाही. पण चाळीस वर्षांनी येणारा मेसोथेलिओमा टळतो. किमतीतला फरक बंदीपूर्वीच्या दोन-तीन वर्षांत करसवलतीने भरून काढता येईल. सुरुवात सरकारी खरेदीपासून व्हावी: जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, घरकुले आणि गोठ्यांची अनुदाने यांच्या निविदांत अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट नसावे. केरळच्या राज्य मानवी हक्क आयोगाने २००९ सालीच शाळांवरचे असे पत्रे काढायला सांगितले होते.

बंदी आली तरी आज डोक्यावर असलेले कोट्यवधी पत्रे राहणारच, आणि घाईने काढलेला पत्रा न काढलेल्यापेक्षा वाईट. पत्रा धड असेल तर त्याला हात लावू नये. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडू नये, प्रेशरच्या पाण्याने धुऊ नये. दोन्हींत सिमेंटची साय निघते आणि तंतू उघडे पडतात. काढायचाच असेल तर पाण्यात थोडा भांडी घासायचा द्रव मिसळून कमी दाबाच्या फवाऱ्याने आधी दोन्ही बाजू भिजवाव्यात. साबणामुळे पाणी जुडग्यात शिरते. जे-हुकची नट गंजली असेल तर हुक बोल्ट कटरने तोडावा, पत्रा हातोडीने फोडू नये. पत्र्यावर पाय देऊ नये, छपराच्या दोन कैच्यांवर टेकलेल्या फळीवरूनच चालावे. हा पत्रा माणसाचे वजन पेलत नाही, आणि त्यातून पडून होणाऱ्या मृत्यूला वीस वर्षे लागत नाहीत. पत्रा अखंड खाली उतरवावा, ओला असतानाच जाड प्लॅस्टिकच्या दोन थरांत गुंडाळावा. तोंडाला पी-१०० फिल्टरचा रबरी अर्धमुखवटा असावा, तोही दाढी नसलेल्या चेहऱ्यावर, नाहीतर कडेने हवा आत जाते. झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत.

पण गुंडाळलेला पत्रा न्यायचा कुठे? घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत अ‍ॅस्बेस्टॉसचा उल्लेख आहे, पण तो उत्पादन आणि औद्योगिक वापराच्या संदर्भात. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथली घातक कचऱ्याची केंद्रे कारखान्यांचा माल घेतात. गोठ्यावरचे बारा पत्रे उतरवणाऱ्या शेतकऱ्यासाठी तिथवर वाट नाही. तालुक्याला एक संकलनाची जागा, ठरलेला दिवस आणि मोफत वाहतूक, एवढे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जिल्हा परिषदा मिळून केंद्राची वाट न पाहता करू शकतात.

आणि दवाखान्यात एक बदल हवा. छातीत पाणी, खोकला, घटलेले वजन दिसले की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो येणे योग्यही आहे. पण केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात 'मजूर' एवढेच लिहून थांबू नये. पत्रे कापले का, बॉयलरचे लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) काढले का, ब्रेकचे लायनर घासले का, मुंबईच्या दारूखाना भागात किंवा गुजरातेत अलंगला जहाज तोडायच्या कामावर होता का, मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या कारखान्यांत होता का, घरात कोणी अशा कामाचे कपडे धूत होते का, आणि हे कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हे विचारून लिहावे. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हे कामगार भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोगांत मोडतात. ती नोंद नसेल तर रुग्णाच्या कुटुंबाला तिथवर जायला काहीच हाती नसते.